घाटावरच्या सोयऱ्यांना काय सांगायचं

आमच्या आजोळी बायका कॅन्सरनं मरत नसत. मरत त्यानंच, पण लोकांना सांगण्यासाठी प्रत्येकीला वेगळं मरण वाटून दिलं जाई. आजीला नजर लागली होती. मावशीला साप चावला होता. ही वाटणी मामानं केलेली होती आणि मामानं केलेली वाटणी, वावराची असो की मरणाची, आमच्यात कोणी मोडत नसे. बाबा आम्ही लहान असतानाच गेले. त्यामुळे घरात मोठं माणूस म्हणजे मामाच. छातीत गाठ होते, वाढते आणि बाईला घेऊन जाते, हे घरातल्या घरातसुद्धा कोणी तोंडानं म्हणत नसे. बायका एकमेकींना हातानं दाखवत. हात छातीशी न्यायचा आणि चटकन खाली आणायचा. झालं बोलणं.

माझी अडचण अशी की मला ही वाटणी नीट पाठ नव्हती. एकदा कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत मी सांगून बसलो की आमची आजी साप चावून गेली. शेजारी बसलेला म्हातारा नेमका आजोळच्याच गावचा निघाला. म्हणाला, "साप तं तुह्या मावशीले चावला होता नं बे?" आता माघार कशी घ्यायची? मी म्हटलं, "दोघीलेही चावला." दोघींच्या मरणात कितीतरी वर्षांचं अंतर होतं. म्हाताऱ्यानं बुंदीचा घास तसाच धरून हिशेब केला आणि म्हणाला, "लय टिकला मंग साप."

पुढे आईला गाठ झाली.

आई बोलली नाही. लुगडं बदलताना एक दिवस माझ्या बहिणीला ती दिसली. बहीण माझ्याहून धाकटी, मॅट्रिक होऊन नुकतीच शाळेत मास्तरीण झालेली. ती रडली नाही, ओरडली नाही. पेटी भरली आणि मला म्हणाली, "भाऊ, उद्याच्या गाडीचे तिकीटं काढ. मुंबईचे."

मलकापूरला राहण्याचा हा एक फायदा, रेल्वे दारात. मी तिथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होतो. मालकाकडून रजा मागताना काय कारण सांगावं हे सुचेना, म्हणून आईच्या दाताचं दुखणं सांगितलं. दातासाठी मुंबई? मालक म्हणाले, "मग सोन्याचाच बसवून आणा आता."

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आईला तपासलं, मग आम्हा दोघांना समोर बसवून विचारलं, "घरात आणखी कुणाला असं झालं होतं?"

मी सवयीनं म्हणालो, "नाही बाई. आजी नजर लागून गेली आणि मावशीला साप चावला."

बाईंचा हात लिहिता लिहिता थांबला. बहीण म्हणाली, "याचं ऐकू नका. आजीला हेच, मावशीला हेच."

एवढ्या लांब, आईचा जीव वाचवायला आलेलो आणि डॉक्टरला मामाचं मरण-वाटप सांगत बसलेलो. असा मी. पण बाईंनी मला काही म्हटलं नाही. त्या बहिणीशीच बोलू लागल्या. काही घराण्यांत हा आजार आईमागून लेकीला, असा जास्त दिसतो. का, ते आम्हालाही अजून पुरतं उमगलेलं नाही. तुला होईलच असं नाही आणि होणार नाही असंही मी म्हणणार नाही. दर महिन्याला स्वतःच्या हातानं तपासत जायचं. काही लागलं तर देवाला नवस बोलत बसायचं नाही, गाडीत बसायचं.

बहिणीनं विचारलं, "आणि लग्न?"

"लग्न करू नको असं कोण म्हणतं? पण ज्याच्याशी करशील त्याला आधी सांग. मुलं हवीत का, कधी, किती, हे दोघांनी माहीत असून ठरवा." मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला मुलं आहेत?"

"एक मुलगी आहे. पण तिची काही काळजी नाही. तिची आई दुसऱ्या घराण्यातली आहे."

"आणि बाप कोणत्या घराण्यातला आहे?"

मी मागे बाकावर बसलेल्या आईकडे पाहिलं. घर सोडल्यापासून आई पहिल्यांदा हसली. मग पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत राहिली.

आई त्यानंतर वर्षभर होती. गेल्यावर मामानं तिला कावीळ दिली.

सुतक फिटून बरेच दिवस झाल्यावर मामानं बहिणीसाठी जानेफळचं स्थळ आणलं. घर खाऊनपिऊन सुखी, मुलगा मॅट्रिक शिकून शेती पाहणारा, एकुलता एक. खोट एवढीच की माणसं घाटावरची. आम्ही घाटाखालचे. आमच्या जिल्ह्याचे हे दोन तुकडे एकमेकांना जरा तिरपंच पाहतात. त्यांना आमचं 'मले-तुले' ऐकून हसू येतं आणि आम्हाला वाटतं, ही माणसं घाट चढून गेली म्हणजे काय स्वर्गात गेली का. पण मामा म्हणाला, "दूरचं स्थळच बरं. तिथवरी कोणाचं तोंड पोचत नाही." बहिणीला मुलगा पसंत पडला होता. तो पाहायला आला तेव्हा चार माणसांत त्यानं तिला स्वयंपाकाचं विचारलं नाही, शाळेत किती मुली येतात ते विचारलं.

"पण आधी त्याईले सांगा," ती म्हणाली.

मामा भाकर मोडत होता. "काय सांगा?"

"आई कशानं गेली ते."

"काविळनं गेली."

"मामा, म्या तिच्या जखमा धुतल्या. काविळीले जखमा नसतात."

"माणसाचं तोंड म्हंजे काय हिरीचं तोंड हाये, सदानकदा उघडं ठेवाले? तुह्या मावशीच्या पोरीची सोयरीक दोनदा मोडली, ते इसरली? कोण्या तरी भल्या माणसानं जाऊन सांगतलं होतं. शेवटी बिजवराले द्या लागली तिले."

"म्हून तं म्हणतो, आपूनच सांगू," बहीण म्हणाली. " दुसऱ्यानं सांगतलं तं चुगली, आपून सांगतलं तं गोष्ट."

"आन नाही म्हणले तं?"

"तं नाही. मी शाळेत शिकवतो. कोणाच्या भाकरीवर नाही बसली."

"जलमभर मास्तरीण राह्यशीन?"

"राहीन. पण लपवालपवीचं कुकू लावणार नाही मी."

मामानं ताट सरकवलं. तो कठोर माणूस नव्हता. आई, आणि मग एकामागून एक दोन्ही बहिणी, त्यानं तिघींना खांदा दिला होता आणि त्याला वाटत होतं, निदान ही पोर तरी नांदताना पाहावी. त्याच्या समजुतीप्रमाणे खरं बोलणं आणि नांदणं या दोन गोष्टी एका घरात राहत नाहीत. बहिणीच्या समजुतीप्रमाणे खोट्यावर नांदणं म्हणजे रोज रात्री नवऱ्याशेजारी चोरासारखं झोपणं. दोघं हटेनात. माझी बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "यायले पाठवा. हे भाऊ हायेत. बैठकीत हेच सांगतीन."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मामा लगेच कबूल झाला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. मामा मला चांगला ओळखून होता.

जानेफळला बैठक बसली. सतरंजीवर त्यांचे चार, आमचे मी आणि मामा. मधे तबक, तबकात विडे, अख्खी सुपारी आणि अडकित्ता. आमच्याकडची रीत अशी की बोलणी होईस्तोवर सुपारी तशीच अख्खी राहते. सगळं जमलं की चार लोकांसमोर ती फोडायची. सुपारी फुटली म्हणजे सोयरीक पक्की. त्यानंतर मोडली तर तो शब्द मोडला आणि शब्द मोडणाऱ्याच्या घरी पुढे कोणी मुलगी देत नाही की करत नाही.

मी एस.टी.त सगळं वाक्य बसवून ठेवलं होतं. 'आमची एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे.' चांगलं वाक्य होतं. मुलाच्या वडिलांनी पाऊसपाण्याचं विचारलं, मी उत्तर दिलं. कापसाच्या भावाचं विचारलं, उत्तर दिलं. मग त्यांचे प्रश्न संपले. मी खाकरलो. म्हणालो, "आमची एक गोष्ट." सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. हाताला काहीतरी करायला हवं होतं म्हणून हातानं तबकातला अडकित्ता उचलला. पुढचं मला आठवत नाही. कट्‌ असा आवाज मात्र आठवतो.

मग मामा म्हणाला, "फुटली."

मुलाचे वडील जरा चमकले, कारण देण्याघेण्याचं बोलणं अजून निघालंच नव्हतं. पण मुलीकडच्यांनी आपणहून सुपारी फोडली म्हणजे तुम्ही म्हणाल ते कबूल, असाच त्याचा अर्थ होतो. ते खूश होऊन म्हणाले, "पाहुणे मोठ्या मनाचे आहेत." आतून गुळाची परात आली. मामानं गुळाचा मोठा खडा माझ्या तोंडात असा कोंबला की पुढचं वाक्य बोलायची सोयच उरली नाही. परतीच्या एस.टी.त तो माझ्या पाठीवर हात फिरवत होता. म्हणाला, "भाचेबुवा, मले वाटे तू निरा येडा हायेस. पण येळेवर अक्कल आली तुले."

घरी बहीण दारातच उभी.

"सांगतलं?"

"सुपारी फुटली."

"मी ते नाही इचारलं."

मी घडलं ते सांगितलं. माझी बायको आधी हसली, मग बहिणीचं तोंड पाहून चुलीकडे वळली. दुसऱ्या दिवशी बहीण शाळेत गेली, रजा घेऊन आली आणि संध्याकाळी मला म्हणाली, "उद्या जानेफळले जाऊ."

"कोण?"

"मी आन तू. मी बोलतो. तू नुसता सोबतीले राहजो. सोबतीले गडीमाणूस पाह्यजे म्हून, नाही तं एकलीच गेली असती."

लग्नाआधी नवरीनं स्वतःच्या पायानं सासरी जाणं हे आमच्या पाच-पंचवीस गावांत कोणी ऐकलं नव्हतं. मामाला कळलं असतं तर तो एस.टी.पुढे आडवा पडला असता. म्हणून सकाळच्या पहिल्या गाडीनं निघालो.

गाडीची वाट पाहत स्टँडवर बसलो होतो, तर समोरच्या भिंतीवर कुटुंब नियोजनाचा नवा लाल त्रिकोण रंगवलेला. त्याखाली हसरे आईबाप आणि गुटगुटीत दोन लेकरं. महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि नवं राज्य सगळ्यांच्या भिंतीवर येऊन घरातलं बोलत होतं. मी विचार केला, भावाचं कर्तव्य आहे, बहिणीशी या विषयावर चार शब्द बोलावेत. घाट चढताना, गाडीचा आवाज मोठा झाला तेव्हा, म्हणजे बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, मी सुरुवात केली, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना, लेकरांचं जरा…"

"तू अगुदर आपल्या घरचं पाह्य," ती म्हणाली.

"आमचं काय?"

"वहिनीनं सरकारी दवाखान्यात लूप बसवून घेतला. माईत हाये का तुले?"

मला माहीत नव्हतं. म्हणजे घाटाच्या त्या वळणावर, कोंबड्यांची टोपली मांडीवर घेतलेल्या एका म्हातारीच्या शेजारी, मला कळलं की माझ्या स्वतःच्या कुटुंबाचं नियोजन झालेलं आहे.

"मले कोणीच सांगतलं नाही."

"तिनं तीनदा सांगतलं. तू पेपर वाचत होता. दरखेपी 'हाव' म्हणला. वहिनी म्हणे, एवढ्यात दुसरं नको. आधी ह्या पोरीले मोठी करतो, तिच्याशी हे सारं बोलता आलं पाह्यजे, मंग पाहू. तू हाव म्हणला. म्हून ते गेली."

म्हातारीनं कोंबड्यांवरचं फडकं सारखं केलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीबाहेर पाहू लागलो. म्हणजे मी सोयऱ्यांना सांगायला निघालेला शूरवीर. बापाकडूनही हे येऊ शकतं हे मुंबईहून ऐकून आलेला. बायकोला त्यातलं एक अक्षर बोललो नव्हतो. या दोघी मात्र चुलीपाशी बसून सगळं बोलून मोकळ्या झाल्या होत्या.

जानेफळात त्या घराच्या अंगणात बायका शेवया करत बसल्या होत्या. आमच्याच लग्नाच्या शेवया. पाट तिरपे लावलेले, हातातून लांब तार निघतेय, बाजेवर धोतर अंथरून वाळत घातलेल्या. आम्हाला पाहून सगळ्यांचे हात थांबले. मुलाची आई उठली, माझ्याकडे पाहून म्हणाली, "काय झालं? कोणी गेलं का?"

"कोणी गेलं नाही, आत्याबाई," बहीण सासूला मारायची हाक मारून म्हणाली. "मीच आली."

मुलाची एक चुलती खुसकन हसली. "अजून हळद लागली नाही आन आत्याबाई झाली बी?"

"नाही जमलं तं वापस घेईन," बहीण म्हणाली. हात धुऊन ती सरळ पाटाशी बसली आणि पिठाचा गोळा हातात घेतला. मला वाटलं आता ही जरा वेळ शेवया करील, मग विषय काढील. पहिली तार तुटायच्या आत तिनं सांगून टाकलं. "आत्याबाई, माही आई काविळीनं नाही गेली. छातीच्या गाठीनं गेली. कॅन्सर. मावशी त्याच्यानंच गेली आन आजीही. मले होईन का नाही, ते डॉक्टरलेही सांगता येत नाही. भाऊ तेच सांगाले आला होता. त्याच्या हातून सुपारी फुटली."

ओट्यावर मुलाचे वडील बसलेले होते, त्यांनी ऐकलं. ते खाली उतरून थेट माझ्यासमोर आले.

"पाहुणे, त्या दिवशी तुम्ही कामून बोलले नाही?"

"बोलणारच होतो. तेवढ्यात सुपारी फुटली."

"सुपारी आपोआप फुटते का? ती काय भुईमुगाची शेंग आहे?"

बहीण बसल्या जागेवरून म्हणाली, "बाबा, त्याले काही इचारू नका, त्यानं नुकसान व्हाचं ते करून टाकलं. सुपारी आमच्या हातानं फुटली, आमच्या हातानं मोडली असं धरा. शब्द आम्ही मोडला. तुमच्यावर बोल नाही. आता माईत असून पुन्ना ठरवा. नाही म्हणले तं मी राग धरणार नाही."

"एकुलता पोरगा आहे माझा," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, हललेला होता. "माझ्या वंशात रोग आणू का मी, जाणून-बुजून?"

"येईन का नाही, मले माईत नाही. तुमालेही माईत नाही. लपवून आणला तं ते माही चोरी. सांगून आली तं मंग काय व्हाचं ते दोघायचं."

मुलाची आई नवऱ्याकडे न पाहता पाटावरचं पीठ खरडत म्हणाली, "तुमचा बाप, तुमचा चुलता, तुमचा मोठा भाऊ, तिघं साखरेच्या रोगानं गेले. मला सांगितलं होतं का कोणी?"

"साखरेचा रोग श्रीमंताचा रोग असतो. तो सांगायचा असतो का? दिसतो तो."

"मला पाय कापल्यावर दिसला."

आणि मग काय झालं कोण जाणे, ते अंगण सुटलंच. मघाची चुलती म्हणाली, "माझ्या नवऱ्याला एका डोळ्यानं दिसत नाही, हे मला अंतरपाट दूर झाल्यावर कळलं. मी इकडून हार घालून राहिले, ते तिकडंच पाहून राहिले." दुसरी म्हणाली, तिच्या सासूला फेफरं यायचं, तर तिला पहिल्या वेळी सांगितलं होतं की अंगात देवी येते, आणि तिनं बिचारीनं ओवाळलं. तिसरी हसत नव्हती. ती म्हणाली, "माझी नणंद जलमापासून मागच्या खोलीत होती. लग्नाच्या दिवशी तिला नातेवाइकाकडं ठेवलं होतं. म्हणे, लोक काय म्हणतील." यावर मात्र कोणी हसलं नाही. मुलाचे वडील या बायकांच्या मधे उभे, जसं काही त्यांनीच प्रत्येक घरातला एकेक रोग धोतरात लपवून आणला होता. मला त्यांची दया आली. बैठकीत चार पुरुषांसमोर आम्ही पाऊस आणि कापूस बोललो होतो. इथे शेवयांच्या पाटावर खरी बैठक चालली होती.

मुलगा वावरातून आला तेव्हा हे असं चाललेलं. कोणीतरी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. तो विहिरीवर हातपाय धुऊन आला, बहिणीपासून जरा दूर, बाजेच्या कडेला बसला.

"आत्ता तुम्हाला काही आहे का?" त्यानं विचारलं.

"नाही. दर महिन्याले पाह्यतो."

"आन झालंच तर?"

"मुंबईले जाईन. तुमी आले तं तुमच्यासंगं, नाही तं हा हायेच," तिनं माझ्याकडे हात केला. "तिकीट काढता येते याले."

"लेकरं?"

पुरुषानं पोरीला, सगळ्यांसमोर, तोंडावर हे विचारणं म्हणजे फारच झालं होतं. ती लाजली, पण थांबली नाही. "मले पाह्यजेत. पण किती आन कवा, ते तुमी आन मी ठरवू. बाबा नाही, आत्याबाई नाही, माहा मामा नाही. एकच झालं आन पोरगीच झाली, तं तिले सारं सांगून वाढवू. एकही नाही झालं तं कोणी मले बोलाचं नाही. हे कबूल असन तं पुढचं बोला."

मुलाचे वडील म्हणाले, "विचार करावा लागेल," आणि घरात निघून गेले. आत्याबाई, म्हणजे तोवर तरी आत्याबाई, पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "चहा तरी घ्या." बहीण म्हणाली, "ठरल्यावर."

आम्ही स्टँडकडे निघालो. मुलगा मागोमाग आला. तिघं रस्त्यानं चाललो होतो. गाव बघत होतं. गाडी लागलेली होती, कंडक्टर पान जमवत उभा होता.

मुलगा हळूच म्हणाला, "माझं हो आहे."

बहीण थांबली. "कायचं हो?"

"सगळ्याचं. लेकरांचं बी. बाबांचं दोनचार दिवसांत निवळेल. मी सांगतो त्यांना नंतर, बरा वखत पाहून. तुम्ही जा निर्धास्त."

मला हे उत्तर फार आवडलं. मी गाडीच्या पायरीवर पाय ठेवला. वर चढून खिडकीची जागा धरली, तिच्यासाठी पिशवी ठेवली. खाली पाहतो तर ती तिथंच.

"बरा वखत माह्या मामानंही लय पाह्यला," ती त्याला म्हणत होती. "आजी गेली, मावशी गेली, आई गेली, बरा वखत काही आला नाही. तुमचं हो असन तं तुमच्या बाबाच्या तोंडावर सांगा. आत्ता. मी हाये तोवर."

"आत्ता? गाडी जाईल तुमची."

"जाऊ द्या गाडी."

कंडक्टरनं मला विचारलं, "बाई येतात का, घंटी मारू?" मी पिशवी उचलून खाली उतरलो.

परत त्याच रस्त्यानं निघालो. या वेळी मुलगा पुढे, ती त्याच्या बरोबरीनं, मी पिशवी घेऊन मागे. अंगणात बायका पुन्हा पाटाला लागल्या होत्या. मुलाचे वडील ओट्यावर येऊन बसले होते. मुलगा त्यांच्यासमोर उभा राहिला. त्याचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते.

"बाबा, मी यांना हो म्हणलो. सगळं ऐकून म्हणलो. लेकराबाळांचं आमचं आम्ही पाहू."

म्हाताऱ्यानं मलाच विचारलं, "गाडी गेली ना तुमची?"

"गेली."

"आता दुसरी संध्याकाळी." आणि पाटाकडे तोंड करून, "अगं, पाहुण्यांचा भात टाक."

मी चपला काढायला वाकलो. बहीण जागची हलली नाही.

"बाबा, हो का नाही?"

"जेवायला बसवतो म्हणजे काय नाही म्हणायला बसवतो का, बाई?"

"ते मले समजलं. पण तोंडानं सांगा."

"घरच्या लोकांत असं विचारतात का?"

"इचारा लागते. न इचारताच आमच्या घरचे आजवर गेले."

म्हाताऱ्यानं बायकोकडे पाहिलं. ती पाटावरून मान वर करून त्याच्याकडेच पाहत होती. सगळ्याच पाहत होत्या.

"हो," तो म्हणाला. तो शब्द त्याला जड गेला असावा, कारण एकदा निघाल्यावर तो इतक्या मोठ्यानं निघाला की पलीकडच्या घरातलं माणूस बाहेर आलं.

बहिणीनं पदर खोचला. "मंग वाढा," ती म्हणाली.